सल्ला फुकट, चालणे महाग

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे कशी नेमकी असतात. गोळीचे नाव, ती किती मिलिग्रॅमची, सकाळी घ्यायची की रात्री, जेवणाआधी की जेवणानंतर, किती दिवस, सगळे तपशीलवार. मधुमेहाच्या रुग्णाला मिळणाऱ्या चिठ्ठीच्या तळाशी मात्र एक ओळ अशी असते की तिला ना मात्रा, ना वेळ, ना मुदत. ‘नियमित चालणे’ किंवा नुसतेच ‘व्यायाम’. औषधांच्या दुकानातला मुलगा चिठ्ठी वाचत वाचत खाली येतो, त्या ओळीशी थांबतो आणि गोळ्यांची पाकिटे कात्रीने कापायला घेतो. ती शेवटची वस्तू त्याच्याकडे मिळत नाही. कुठे मिळते, तेही कोणी सांगत नाही.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत ताळेबंद तपासले, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या, आणि गेली अकरा वर्षे हा आजार अंगावर वागवतो आहे. एवढ्या अधिकारावर त्या एका ओळीचा हिशेब मांडून पाहावा असे वाटले, कारण सध्या आपल्या देशात या ओळीइतके वारंवार लिहिले जाणारे आणि तिच्याइतके कमी घेतले जाणारे दुसरे औषध नसेल.

आकडे आधी पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००८ ते २०२० या काळात सर्व राज्यांत मिळून १ लाख १३ हजार माणसांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’च्या मधुमेहविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यावरून काढलेला अंदाज असा की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. राज्यांच्या यादीत सर्वांत वर आपला शेजारी, गोवा. तिथे २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढ माणसे एकत्र बसली तर त्यांतल्या एकाला. वर्षभराने, जून २०२४ मध्ये, ‘लॅन्सेट’च्याच दुसऱ्या एका नियतकालिकात जगभरच्या हालचालींचा हिशेब आला. पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० साली २२ टक्के होते, ते २०२२ मध्ये ४९ टक्क्यांवर गेले. पुरुषांत ४२ आणि स्त्रियांत ५७. पहिल्या आकड्यांवर वर्तमानपत्रांत बरेच लिहून आले. दुसऱ्या आकड्यांवर त्या मानाने थोडे, आणि त्या शेवटच्या ५७ वर तर जवळजवळ काहीच नाही. त्याकडे पुढे येतोच.

चालण्याने साखर का उतरते, हे एकदा नीट समजून घेतले तर पुढचे बरेच उलगडते. जेवल्यावर रक्तात उतरणाऱ्या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. इन्शुलिन ही त्यांच्या दाराची किल्ली. टाइप दोनच्या मधुमेहात, निदान सुरुवातीच्या काळात, किल्ली असते. कुलूप गंजलेले असते. शरीर एकाऐवजी दोन, दोनाऐवजी चार किल्ल्या पाठवत राहते आणि शेवटी किल्ल्या करणारा कारागीरच थकतो. पण राबणाऱ्या स्नायूला एक मागचे दार असते. स्नायू आकुंचन पावू लागला की पेशीच्या आत दडून बसलेले साखरवाहक प्रथिन पृष्ठभागावर येते आणि इन्शुलिनची वाट न पाहता साखर आत ओढून घेते. चालणे थांबल्यावरही हा परिणाम लगेच मावळत नाही. स्नायूंतला खर्ची पडलेला साठा भरून निघेपर्यंत, एक दिवस, दोन दिवस, फार तर तीन, ते गंजलेले कुलूपही थोडे सैल चालते. मग पुन्हा जैसे थे.

या शेवटच्या वाक्यात सारे आले. म्हणूनच अमेरिकेतील मधुमेह संघटना सांगते की व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू देऊ नका. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही मुदत ठेव नाही, की एकदा डिसेंबरात रक्कम भरली आणि पाच वर्षे व्याज खात बसलो. ही पिग्मी आहे. एजंट रोज संध्याकाळी दारात उभा. जानेवारीत मॅरेथॉन धावून एप्रिलमध्ये सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या खात्यावर एप्रिलमध्ये काहीही शिल्लक नसते, पदक तेवढे भिंतीवर असते.

आता मात्रेकडे. येथे गरज आहे ती दमसासाच्या व्यायामाची. भरभर चालणे, सायकल, पोहणे, संथ पळणे. म्हणजे ज्यात मोठे स्नायू बराच वेळ एका लयीत काम करतात आणि हृदय-फुप्फुसांना त्यांच्यामागे धावावे लागते. त्याची घरगुती कसोटी अशी : चालता चालता बोलता यावे, पण गाता येऊ नये. शेजाऱ्याशी शेअर बाजारावर चर्चा करीत बागेला दोन फेऱ्या मारणे आणि तिसरी फेरी वड्याच्या गाडीपाशी संपवणे, याला फिरणे म्हणतात. ते वाईट नाही, पण ते हे औषध नव्हे. जगभर सर्वसाधारणपणे आठवड्याला १५० मिनिटे सांगितली जातात. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये भारतीयांसाठी जी शिफारस प्रसिद्ध केली तिच्यात रोज एक तास हालचाल धरली आहे. त्यात किमान अर्धा तास हा दमसासाचा, पाव तास स्नायूंना बळकटी देणारा आणि पाव तास कामाच्या ओघात होणारा. आपल्याला जास्त का? त्याचे उत्तर पुण्यात सापडते.

केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे सरासरी साडेतीन किलोंची जन्मत होती, आपली २.७ किलोंची. पण आपल्या त्या किरकोळ बाळांत कमी होते ते स्नायू. त्वचेखालची चरबी मात्र त्यांनी बऱ्यापैकी राखलेली होती. हडकुळी दिसणारी, तरी आतून चरबी साठवणारी ही ठेवण पुढेही टिकते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघेही सडपातळ. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचा अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. सोबतच्या मजकुरात त्यांनी स्वतःचीच थट्टा केली आहे : एक जण मॅरेथॉन धावतो, आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठणे. ‘मी कुठे लठ्ठ आहे?’ असे म्हणून व्यायामातून सवलत मागणारी आपल्याकडची सडपातळ मंडळी या छायाचित्रापाशी क्षणभर थांबतील तर बरे. साखर रिचवणारे स्नायू ज्याच्याकडे मुळातच कमी, त्याने ते अधिक राबवायला हवेत, असा हा साधा हिशेब आहे.

या औषधाचा गुण येतो का? येतो, आणि तो मोजला गेला आहे. चीनमधील दाचिंग या तेलविहिरींच्या शहरात १९८६ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५७७ लोक निवडले आणि त्यांना तेथील ३३ दवाखान्यांकडे सोपवले. काही दवाखान्यांनी आहार सांभाळला, काहींनी व्यायाम, काहींनी दोन्ही, आणि काहींनी विशेष काहीच केले नाही. सहा वर्षांनी या शेवटच्या गटातील ६८ टक्के लोकांना मधुमेह झाला होता. व्यायामाच्या गटात ४१ टक्क्यांना. तीस वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हाही फरक टिकून होता. एकत्र धरलेल्या तिन्ही गटांत मधुमेह जवळजवळ चार वर्षे लांबला होता आणि हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण चौथ्या हिश्श्याने घटले होते. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, काहीच न केलेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले. आहार सांभाळून रोज अर्धा तास भरभर चालणाऱ्यांपैकी ३९ टक्के. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांचा आकडा जवळपास तोच, ४०. म्हणजे चालणे आणि गोळी यांनी सारखेच काम केले.

हे झाले उंबरठ्यावरच्यांचे. ज्यांच्या घरात पाहुणा येऊन बसलाच आहे त्यांच्यासाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक अभ्यास. टाइप दोनच्या रुग्णांवर झालेले अनेक प्रयोग एकत्र करून त्यांचे सार त्यात काढले होते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी एचबीएवनसी तपासणी असते, ती आखीव, कोणाच्या तरी देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने ०.६७ ने उतरली. आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा जास्त करणाऱ्यांत ०.८९ ने, कमी करणाऱ्यांत ०.३६ ने. एखाद्या चांगल्या गोळीने जेवढा फरक पडावा तेवढाच हा म्हणायचा. आणि ज्यांना व्यायामाचा नुसता सल्ला दिला होता त्यांची? काही फरक नाही. सल्ल्याला आहाराच्या मार्गदर्शनाची जोड होती तेव्हाच काय ती थोडी उतरली.

मी हे वाक्य दोनतीनदा वाचले. ज्या ओळीने आपल्या चिठ्ठ्या संपतात तिची किंमत त्या अभ्यासाने शून्य ठरवली होती. व्यायाम गुणकारी आहे, व्यायामाचा सल्ला गुणकारी नाही. आपण गेली तीस-चाळीस वर्षे सल्ला वाटत आलो आणि साखर उतरली नाही की रुग्णाच्या आळसावर ठपका ठेवत आलो. कर्ज मंजूर केल्याचे पत्र दिले, रक्कम मात्र खात्यावर जमा केली नाही, आणि कारखाना का उभा राहिला नाही म्हणून उद्योजकाला नोटीस काढली, असाच हा प्रकार.

प्राचीन वैद्य या बाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर होते. ‘सगळे आमच्याकडे होतेच’ म्हणणाऱ्यांतला मी नाही; पण सुश्रुतसंहितेतील प्रमेहाची चिकित्सा वाचण्यासारखी आहे. निर्धन आणि एकट्या रुग्णाला सुश्रुत सांगतो की पायताण आणि छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावात एकच रात्र राहत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चाल. कोणाला शेत नांगरायला, तर कोणाला विहीर खणायला सांगतो. (अनवाणी चालण्याचे मात्र कोणी मनावर घेऊ नये. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेली असेल तर एक खडा पुढे काय करतो ते शस्त्रक्रियेच्या वॉर्डात पाहायला मिळते.) मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, त्याने मात्रा दिली आहे, शंभर योजने. दोन, रुग्णाची परिस्थिती पाहून उपाय बदलला आहे. आपल्याकडे अलीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे दोनच वेळा जेवण्याचे सूत्र घरोघर पोहोचले. त्यातील आहाराच्या भागाबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत आणि त्यात मी पडणार नाही. पण ‘४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर’ हा त्यातला व्यायामाचा भाग लोकांच्या तोंडी बसला तो का? कारण त्यात आकडा आहे. अर्थात पंगतीला जेवणाच्या भागाची जेवढी चर्चा होते, तेवढी त्या साडेचार किलोमीटरांची होत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि ज्यांना इच्छाशक्तीचाच प्रश्न वाटतो त्यांनी आषाढात आळंदीच्या वाटेवर उभे राहून पाहावे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर आहे. साठी-सत्तरीची, एरवी गुडघे धरून बसणारी माणसे ते तीन आठवड्यांच्या आत पायी तोडतात. भक्ती आहेच, तिचे मोल मी कमी करीत नाही. पण व्यवस्थाही पाहा. दिंडीत आपली जागा ठरलेली, निघायची वेळ ठरलेली, मुक्काम ठरलेला. पुढे-मागे ओळखीची माणसे. पालखीसाठी वाहतूक वळवलेली. पाण्याचे टँकर, वैद्यकीय पथके, वाटेवरच्या गावांनी मांडलेल्या पंगती. चालण्याखेरीज दुसरे कोणतेही काम त्या दिवसांत त्या माणसावर नसते. घरचे कोणी ‘आज जाऊ नकोस, पाहुणे येणार आहेत’ असे म्हणत नाही. तोच वारकरी घरी परतला की आठ दिवसांत पुन्हा ओट्यावर बसलेला दिसतो. त्याची इच्छाशक्ती पंढरपुरात राहिली असे थोडेच आहे?

आता त्या ५७ टक्क्यांकडे. सकाळी सहा ते आठ ही फिरायची वेळ, असे सगळे सांगतात. त्याच वेळी आपल्या घरांत दूध तापत असते, डबे भरले जात असतात, पाणी येऊन जात असते, आणि हे सगळे करणारी व्यक्ती बहुधा एकच असते. संध्याकाळी सातची वेळही तशीच. घरातला पुरुष बूट घालून निघाला तर तो ‘फिरायला गेला’, आणि बाई निघाली तर ‘आता कुठे निघालीस?’ हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. कधी सासूबाई, कधी मुलगा. ‘दिवसभर उभीच तर असते, आणखी कसला व्यायाम?’ हे वाक्य नवरे म्हणतात आणि बायकाही. उभे राहण्याने पाय दुखतात, दमसास वाढत नाही. आमच्या इमारतीतल्या एक वहिनी दुपारी अडीच वाजता गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या रांगांमधून अर्धा तास भरभर चालतात. उन्हाळ्यात ते जमत नाही तेव्हा जिन्याच्या दोन मजल्यांत. मी एकदा विचारले, ‘वहिनी, खाली रस्त्यावर का जात नाही?’ त्या म्हणाल्या, ‘गच्चीवर असले की घरातच आहे असे वाटते सगळ्यांना.’ या उत्तरावर मी काही बोललो नाही. ज्या घरात आई मधुमेही आहे त्या घरातल्या पुरुषांनी तिच्या चिठ्ठीवरची शेवटची ओळ स्वतःच्या नावावर लिहून घ्यावी, म्हणजे तिचा तो अर्धा तास रिकामा करून देण्याचे काम आपले आहे असे समजावे, एवढे मला सुचते.

वेळेनंतर प्रश्न जागेचा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने सांगितले की पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केंद्र सरकारने दोन महिन्यांत पादचाऱ्यांच्या हक्कांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे मांडावीत. न्यायालयापुढे प्रश्न अपघातांचा होता. तो गंभीर आहेच. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसे मेली, त्यांत ३२ हजारांवर पायी चालणारी होती. पण मला त्या आदेशाकडे आरोग्याच्या बाजूने पाहावेसे वाटते. अपघातात गेलेला पादचारी मोजला जातो. अपघाताच्या भीतीने बाहेरच न पडलेला, आणि म्हणून ज्याची साखर चढली, त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

भारतीय रस्ते महासभेचे प्रमाण असे आहे की निवासी भागातसुद्धा पदपथाची अडथळ्याविना रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. म्हणजे दोन माणसे एकमेकांना न ढकलता जावीत, आणि गुडघे दुखणाऱ्याला चढता यावे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी धोरण मंजूर केले. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ पाहिले की मनात आणले तर काय होते ते कळते. डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर पहिला ‘पादचारी दिन’ही साजरा झाला. उत्तमच झाले, पण पिग्मीचा हिशेब लक्षात घेता पादचाऱ्याला वर्षाचे ३६५ दिवस हवे असतात. गोव्यात प्रश्न निराळा. तिथली गावे देखणी, रस्ते अरुंद आणि वळणाचे, दोन्ही बाजूंना भिंत नाहीतर गटार. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणायलासुद्धा स्कूटर बाहेर निघते. सर्वाधिक मधुमेहाच्या राज्यात पायी जाणे इतके अवघड असावे, याचा विचार तिथल्या नियोजनकर्त्यांनी करायला हवा. बागांचे तर विचारूच नका. बऱ्याच शहरांत त्या सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडतात, दुपारी कुलूप. शाळांची मैदाने सुटीच्या दिवशी रिकामी आणि बंद.

कचेऱ्यांबद्दल माझ्या अनुभवाचे थोडे. कोकणातल्या एका शाखेत आमचा एक शिपाई टपाल आणि क्लिअरिंगचे चेक घेऊन रोज सायकलवर चौदा-पंधरा किलोमीटर चढउतार करायचा. परीक्षा देऊन तो क्लार्क झाला, त्याला खुर्ची मिळाली, आणि तीन वर्षांत साखर. एका माणसावरून सिद्धान्त काढू नये हे मला कळते. पण आमच्या पिढीत बढती म्हणजे पायांचे काम कमी होत जाणे, हाच अर्थ होता. मी ज्या बँकेत होतो ती दरवर्षी अधिकाऱ्यांच्या रक्ततपासणीचे पैसे देत असे. दुपारी जेवणानंतर दहा मिनिटे चालून आलेला माणूस मात्र ‘जागेवर नव्हता’. न्यूझीलंडमध्ये ४१ मधुमेही रुग्णांवर झालेला एक लहानसा प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा तीन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आजीची शतपावली ती हीच, जरा लांबवलेली. अर्ध्या तासाचा भरभर व्यायाम तिने सुटत नाही, पण ज्याला तो जमत नाही त्याने इथून सुरुवात करायला कोणाची हरकत असू नये. कचेऱ्यांना त्यासाठी दहा मिनिटांपलीकडे काही खर्च नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उत्साही मंडळी उद्यापासून गोळ्या फेकून देतील. व्यायामाने वजन फारसे उतरत नाही. ते ताटातून उतरते. ब्रिटनमध्ये २०१८ साली ३०६ रुग्णांवरच्या प्रयोगात वर्षाअखेरीस ४६ टक्के लोक औषधांवाचून साखर काबूत ठेवू शकले, ते काटेकोर कमी उष्मांकांच्या आहारामुळे, पळण्यामुळे नव्हे. अमेरिकेत पाच हजारांवर मधुमेह्यांवर वर्षानुवर्षे आहार-व्यायामाचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. हृदयविकाराचे झटके त्याने कमी झाले नाहीत, असे २०१३ मध्ये जाहीर झाले, जरी साखर, वजन आणि हिंडण्याफिरण्याची ताकद यांत त्या लोकांना फायदा झाला. नुसत्या दमसासाच्या व्यायामापेक्षा त्याला वजने उचलण्यासारख्या बळाच्या व्यायामाची जोड दिली तर साखर जास्त उतरते, हेही सिद्ध झाले आहे. घरात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आणि खुर्चीतून हात न टेकता दहादा उठणे, एवढ्यानेही आरंभ होतो.

२०२५ मध्ये माउंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने आपल्या बाजारात आली आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले. ती प्रभावी आहेत यात शंका नाही. आली तेव्हा माउंजारोचा महिन्याचा खर्च १४ हजारांपासून पुढे होता. पण त्यांनी जे वजन घटते त्यात चरबीबरोबर स्नायूंचाही वाटा असतो. आपल्या हडकुळ्या, स्नायूंनी गरीब शरीरांना ते परवडणारे नाही. म्हणजे महागडे औषध घेणाऱ्यालाही ती फुकटची ओळ सुटत नाहीच.

जे इन्शुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात त्यांची साखर चालताना एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी खिशात ग्लुकोजची पूड किंवा साखर असावी, आणि मधुमेही असल्याचे लिहिलेली चिठ्ठीही. छातीत दुखत असेल, फार वर्षांचा आजार असेल, डोळ्यांच्या पडद्यात दोष निघाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारून मग वेग. बंद बूट, सुती मोजे, आणि घरी आल्यावर पायाचा तळवा एकदा उजेडात धरून पाहणे. गोळी कमी करायची तर ती डॉक्टरांनी, आपण नाही.

दाचिंगमध्ये जे केले ते काही आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. तिथे काम केले ते गल्लीतल्या दवाखान्यांनी. आपल्याकडे महापालिकांचे दवाखाने आहेत, गावांत आरोग्य केंद्रे आहेत, आणि तिथे मधुमेहाच्या गोळ्या मिळतात. त्याच रांगेतल्या पंधरा-वीस माणसांचा एक गट करून, आठवड्यातून पाच दिवस, ठरलेल्या वेळी, शेजारच्या शाळेच्या मैदानावर एखाद्या प्रशिक्षित माणसाने त्यांना चालवले, हजेरी घेतली, बायकांसाठी दुपारची वेळ ठेवली, तीन महिन्यांनी तपासणी केली, तर त्याला किती खर्च येईल? आमच्या सहकारी बँका पिग्मीसाठी दारोदार माणसे पाठवू शकतात. रोजची वसुली कशी करायची हे या राज्याला माहीत आहे.

तोपर्यंत मी माझ्यापुरता एक उद्योग केला. सुताराची टेप घेऊन आमच्या घरापासून बागेपर्यंतचा पदपथ मोजला. अंतर ६४० मीटर. त्यात १.८ मीटर रुंदी सलग मिळाली ती ९० मीटरच. एका ठिकाणी विजेच्या पेटीमुळे ५५ सेंटिमीटर उरते, दोन ठिकाणी झाडाचे आळे, एका ठिकाणी पदपथावर चढवलेली गाडी, आणि बागेच्या अलीकडे पथच संपतो. नकाशा काढून, सोबत न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडून, अर्ज प्रभाग कार्यालयात दिला. आवक क्रमांक घेतला. तिथल्या बाईंनी अर्ज नीट वाचला, आणि स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसत विचारले, ‘काका, हा रस्ता पुढे आमच्या इथपर्यंत मोजाल का?’ पुढचा टप्पा १,१०० मीटरचा आहे. तो या आठवड्यात मोजायला घेतो आहे.